न लावलेल्या गाडीचा दंड

माझ्या मामांना आमच्या भागात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे मास्तर म्हणतात. भाजीवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, आणि ज्यांनी गाडी भलत्याच माणसाकडून शिकून घेतली तेही म्हणतात. मामांनी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली. त्यांच्या गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आहे, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे ब्रेकचं आणखी एक पायडल आहे. विद्यार्थ्याने घात करायचं मनावर घेतलं तर मास्तरांना गाडी थांबवता यावी म्हणून ते असतं. मामांचा पाय इतकी वर्षं त्या पायडलच्या वर तरंगत राहिला, की आता तो कुठेही गेला तरी तसाच राहतो. बसमध्ये, दवाखान्यात, घरी टीव्हीसमोरसुद्धा. टीव्हीवर कुणी गाडी जोरात वळवली की मामांचा पाय जमिनीवर दाबला जातो. त्यांच्या एका चपलेचा तळ दुसरीच्या आधी झिजतो, आणि मामीला दर वेळी दोन्ही चपला नव्या घ्याव्या लागतात म्हणून ती कुरकुर करते.

शिकवताना मामा फक्त दोन शब्द बोलतात. गाडी चुकीची लागली तर 'पुन्हा', बरोबर लागली तर 'बसली'. ओरडणं नाही, शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण मास्तरांचं 'बसली' ज्याला मिळालं तो परीक्षेत पास होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं आपल्या लग्नाची तारीख विसरली तरी मास्तर पहिल्यांदा 'बसली' कधी म्हणाले ते त्यांना आठवायचं. मी स्वतः त्यांच्याकडे एक अख्खं वर्ष शिकले आणि मला 'पुन्हा' शिवाय काहीही मिळालं नाही. शेवटी मी हात टेकले. मी बसने फिरते. माझं काही अडत नाही, आणि अडलं तर मी सांगत नाही.

मामा न बघता कधीच 'बसली' म्हणत नसत. विद्यार्थ्याच्या बाजूची पट्टी विद्यार्थ्याला दिसते, ती त्याने बघायची. मास्तरांच्या बाजूची पट्टी मास्तर काच खाली करून, मान बाहेर काढून बघणार, आणि मगच निकाल देणार. एकदा मुसळधार पाऊस होता तरी त्यांनी मान बाहेर काढली होती. विद्यार्थी म्हणाला, राहू द्या मास्तर, बसली असेल. मामा म्हणाले, 'असेल'वर मी सही करत नाही.

हे सगळं शिक्षण चालायचं ते वस्तीच्या टोकाला असलेल्या एका मोठ्या घरगुती सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. दुकानाची समोरची बाजू भरलेली असते, पण मागे, ट्रॉल्या ठेवायच्या शेडच्या पलीकडे, मैदानाएवढी मोकळी जागा आहे. सपाट, आणि पांढऱ्या पट्ट्या आखलेली. अशी जागा आमच्या भागात दुसरी नाही. तिथे पाटी आहे की ही जागा फक्त गिऱ्हाईकांसाठी आहे. मामांनी ती पाटी फार गंभीरपणे घेतली. त्यांनी नियमच केला, की प्रत्येक विद्यार्थ्याने शिकवणीआधी दुकानात जाऊन काहीतरी विकत घ्यायचं. मग तो गिऱ्हाईक झाला, आता शिकायला हरकत नाही. त्यामुळे मामांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक घरात गरजेपेक्षा जास्त बल्ब, हँगर आणि बेसिनची बुचं आहेत. माझ्याकडे साबणाच्या बारा डब्या आहेत. साबण एकच आहे.

गेल्या वर्षी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेल्यात जमा आहे, आणि दुसराही हळूहळू त्याच वाटेने जाईल. औषध नाही. गाडी आज ना उद्या सोडावी लागेल. मामांनी ही बातमी आम्हाला जेवताना सांगितली, आमटी वाढता वाढता, आणि लगेच जोडून सांगितलं की दुसरा डोळा मात्र ठणठणीत आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले सगळे विद्यार्थी एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केले. तो आता स्वतः शिकवतो. एका डोळ्याने दुसऱ्यांच्या मुलांना रस्त्यावर न्यायचं नाही, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी मामीकडे बघून जाहीर केलं की आता तू शिकायचं.

मामीने आजवर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घरात एक मास्तर पुरे झाला, असं ती म्हणायची. पण आता सोंगं करून चालणार नव्हतं. आमचं घर शेवटच्या स्टॉपच्याही पुढे आहे. बस सकाळी येते आणि संध्याकाळी येते, मधे आलीच तर चुकून. मी वरच्या खोलीत राहते, पण माझ्या गाडी चालवण्याबद्दल वर सांगितलंच आहे. दवाखाना लांब, बाजार लांब, मामीची थोरली बहीण तर त्याहून लांब, आणि ती अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी मामा मामीला तिच्याकडे घेऊन जातात. मामीला गाडी आली नाही तर हे दोघं घरात बसणार होते, कायमचे. हे आम्ही तिघंही जाणून होतो आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

मामीने शिकायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे ती प्रत्येक शिकवणीआधी दुकानात जायची, आणि दर वेळी कपडे वाळत घालायचे चिमटे घ्यायची. का, तर ते कामाला येतात. काही महिन्यांत आमच्या घरात एवढे चिमटे झाले की कपडे कमी पडायला लागले. रस्त्यावर गाडी काढायला ती तयार नव्हती. आधी पार्किंगमध्ये जमू दे, मग बघू. आणि एक अट तिने स्वतःलाच घातली होती, की मास्तर 'बसली' म्हणाल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही. गाडी मागे घेऊन दोन पट्ट्यांच्या मधे लावायची, एवढंच होतं. ती काचेतून आपल्या बाजूची पट्टी बघायची, थांबायची, आणि विचारायची, बसली का? मामा मान बाहेर काढायचे. बराच वेळ बाहेर ठेवायचे. मग आत घेऊन म्हणायचे, पुन्हा.

परीक्षेची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर नव्हते, पण काय झालं ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सारखंच निघालं. मामी सकाळपासून मागे घेत होती आणि मामा 'पुन्हा' म्हणत होते. मधेच मामी चिडली, गाडीतून उतरली, दुकानात गेली आणि आणखी एक पुडकं चिमटे घेऊन आली. मग पुन्हा सुरुवात. तिथे गाडी लावायला दोन तासांची मुदत असते हे दोघंही विसरले. इतक्या वर्षांत मामा पहिल्यांदा विसरले. दर शिकवणी संपली की ते बाहेर पडून गल्लीला एक वळसा घालत आणि पुन्हा आत येत, म्हणजे मुदत नव्याने सुरू. त्या दिवशी वळसा राहिला.

पत्र आलं. दुकानाने पार्किंगचा कारभार एका कंपनीला दिलेला आहे, तिचं पत्र. त्यात दोन फोटो होते. एकात आमची गाडी फाटकातून आत जात होती, दुसऱ्यात बाहेर पडत होती. मधल्या वेळेचा हिशेब केला होता आणि मुदतीपेक्षा जास्त वेळ गाडी लावल्याबद्दल मोठी रक्कम मागितली होती. तेवढ्या पैशांत चिमट्यांचा कारखाना निघाला असता. मामांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि वाच म्हणाले. या कंपन्या मुद्दाम बारीक टाइप वापरतात, म्हणाले. मी वाचलं. टाइप काही इतका बारीक नव्हता.

मामांनी ऐकून घेतलं आणि मग उत्तर सांगायला सुरुवात केली. मी लिहीत होते, मामी मटार सोलत होती. आपलं पत्र मिळालं. गाडी आपल्या आवारात होती हे मान्य. परंतु ती लावलेली नव्हती. आपल्या पाटीवर गाडी लावण्याची मुदत दोन तास असं लिहिलं आहे. सदर गाडी त्या संपूर्ण वेळात एकदाही लागली नाही, कारण विद्यार्थिनीला ती लावता येत नाही. हाच तर तिच्या शिकण्याचा विषय आहे. सबब आकार माफ व्हावा.

मामीने मटार सोलायचे थांबवले. असंच लिहायचं आहे का, असं तिने विचारलं. मामा म्हणाले, खरं तेच लिहितोय. मामीने पुन्हा शेंगा हातात घेतल्या, पण त्यानंतर दाणे भांड्यात कमी आणि ओट्यावर जास्त पडत होते.

कंपनीचं उत्तर आलं की आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात आणि रक्कम वाढली आहे. मामांनी दुसरं पत्र लिहिलं. त्यात गाडी चालू असणं, थांबणं आणि लागणं यातला फरक समजावून सांगितला होता, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला सांगतात तसा. कंपनीने त्यालाही दाद दिली नाही. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात, आता रक्कम आणखी वाढली आहे, आणि भरली नाही तर या नंबरच्या गाडीला आवारात कायमची बंदी केली जाईल. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, लोकांकडून पैसे मागणं हे माझंच काम आहे, पण इतक्या गोडीने गळा धरायला मलाही जमलं नसतं.

बंदीचं वाचल्यावर मामी उठून मागच्या अंगणात गेली. कपडे काढून आणायला म्हणून गेली, पण दोरीवर कपडे नव्हते, नुसते चिमटे होते. मी मागोमाग गेले. ती म्हणाली की ती जागा गेली तर तिचं शिकणं संपलं. दुसरीकडे कुठे पट्ट्या आहेत? आणि खरं सांगायचं तर तिला आता वाटतच नव्हतं की आपल्याला जमेल. मी विचारलं, कुणी सांगितलं जमणार नाही म्हणून?

"ज्याने आख्ख्या भागाला शिकवलं, तो माणूस महिनोन्‌महिने पुन्हा म्हणतोय," मामी म्हणाली. "आता तर लिहून दिलंय त्यांनी. तुझ्याच अक्षरात."

मला वाईट वाटलं, आणि मामांचा रागही आला. निदान एकदा खोटं 'बसली' म्हणायला काय जातं या माणसाचं, असं मनात आलं.

पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की तक्रार समक्ष येऊनही मांडता येईल. हे वाचून दाखवल्याचा मला लगेच पश्चात्ताप झाला, कारण मामांनी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट काढला. आपण तिघंही जायचं, मी शिकवणारा म्हणून, तू लिहिणारी म्हणून, आणि ही पुरावा म्हणून, असं त्यांनी ठरवलं. मामीला गाडी लावता येत नाही हे सिद्ध करायला मामीनेच हजर राहायचं होतं. ती आली. चांगली साडी नेसून आली, ओठ आवळून आली.

कंपनीचं ऑफिस बुटांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथवर गाडी मामांनीच नेली. मी मागे बसले होते. ते नेहमीप्रमाणे हळू चालवत होते, जरा जास्तच हळू. सिग्नलला मामी सहज बोलल्यासारखी 'हिरवा झाला बघा' म्हणाली. एका वळणावर चाक फूटपाथवर चढलं आणि खाली उतरलं. मामा म्हणाले, रस्ते अरुंद करून ठेवलेत. रस्ता होता तेवढाच होता. मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली आणि पोहोचेपर्यंत सोडली नाही.

आम्हाला ज्याने आत बोलावलं तो पोरसवदा होता आणि त्याने टाय लावला होता. टायला क्लिप होती. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात असं तोंडीही सांगितलं. मामांनी आपलं म्हणणं मांडलं. उभे राहून मांडलं. मी भीक मागत नाही, सवलत मागत नाही, फक्त शब्दाचा मान मागतो. मुदत लावण्याची आहे, माझी गाडी लागलीच नाही. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला कळवीन. हे बोलून ते खाली बसले. मला मान्य करायला हवं, ऐकायला चांगलं वाटलं. टायवाल्यालाही वाटलं असावं, कारण त्याने मान डोलावली.

मग त्याने सांगितलं की फाटकावरच्या फोटोंशिवाय आवारातल्या खांबावरही कॅमेरा आहे. तक्रार समक्ष येणार म्हटल्यावर त्यांनी त्या दिवशीचं चित्रण काढून ठेवलं होतं. आपण बघूया, म्हणजे वाद राहणार नाही. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवला.

वरून घेतलेलं चित्रण होतं. एका कोपऱ्यात ट्रॉल्यांची शेड, बाकी सगळी मोकळी जागा, पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यात टपावर पाटी असलेली आमची गाडी. ती पुढे गेली, थांबली, आणि मागे यायला लागली. सुरुवातीला वाकडी आली, पट्टीवर चढली, पुढे गेली. मामी माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. टायवाल्याने चित्रण थोडं पुढे पळवलं. गाडी पुन्हा मागे आली, सावकाश, जराही न डळमळता, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे शिरली आणि थांबली. दोन्हीकडे सारखी जागा सुटली होती. फूटपट्टी लावून ठेवल्यासारखी. मास्तरांच्या बाजूची काच खाली झाली, एक डोकं बाहेर आलं, बराच वेळ बाहेर राहिलं, आणि आत गेलं. गाडी बाहेर निघाली. वळसा घेतला, मागे आली, पुन्हा बरोबर मधे. डोकं बाहेर, डोकं आत. गाडी बाहेर. टायवाला चित्रण पळवत होता, आणि ती गाडी पुन्हा पुन्हा येऊन त्याच जागेत, तशीच नीट बसत होती, आणि दर वेळी उठून जात होती.

"राग मानू नका," टायवाला म्हणाला, "पण एक विचारायचं होतं. इतकी सरळ लावलेली गाडी तुम्ही परत परत बाहेर का काढत होता? आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी बघितलं हे. कुणालाच कळलं नाही."

मी स्क्रीनकडे बघितलं, मग मामीकडे. मामी स्क्रीनकडे बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून.

टायवाल्याने एका जागी चित्रण थांबवलं. गाडी पट्ट्यांच्या मधे उभी होती. तो मामांना म्हणाला की तुम्ही यातले जाणकार आहात, तुम्हीच सांगा, ही गाडी लावलेली आहे की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं लिहून घेतो. तो हे मनापासून म्हणाला, मला तरी त्यात खोच दिसली नाही.

मामा पुढे वाकले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. काचेवर धूळ आहे तुमच्या, म्हणाले. टायवाल्याने स्क्रीन पुसला. मामा आणखी वाकले. त्यांचं नाक स्क्रीनला टेकायला आलं, आणि ते टक लावून, काळजीपूर्वक, एकेक बाजू तपासल्यासारखं बघत होते. ते ट्रॉल्यांच्या शेडकडे बघत होते.

टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीवर दाबलेला होता, गुडघा ताठ झालेला. मला तो दिसला आणि मामीलाही दिसला. दुसरा डोळा ठणठणीत आहे असं जेवताना सांगणारा हा माणूस, आणि मान बाहेर काढून तो इतके महिने काय बघत होता, हे आम्हाला दोघींना एकदमच कळलं असणार. मामीने हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"लावलेली आहे," ती टायवाल्याला म्हणाली. "मीच लावली आहे. दंड आम्ही भरतो."

मामा काहीतरी बोलणार होते. मामीने गुडघ्यावरचा हात उचलला नाही, आणि ते बोलले नाहीत. टायवाल्याने विचारलं, मग परत परत काढत का होता? मामी म्हणाली की तिचंच समाधान होत नव्हतं, यांनी कितीदा सांगितलं पण ती ऐकत नव्हती. बाईमाणसाला इतकं खोटं इतक्या सहज बोलताना मी क्वचितच पाहिलं आहे, आणि मी दातांच्या दवाखान्यात काम करते.

टायवाला हिशेबाचे कागद काढायला लागला. तेवढ्यात मामीने त्याला विचारलं की हे पुन्हा एकदा दाखवाल का? तो गोंधळला. दंड भरायला कबूल झालेल्या माणसाने आपला गुन्हा परत बघायला मागावा, असं त्याच्या नोकरीत झालं नव्हतं. त्याने दाखवलं. मामी खुर्ची पुढे ओढून बसली. गाडी मागे आली, पट्ट्यांच्या मधे शिरली, थांबली. मामीने बोट लावून दोन्ही बाजूंची जागा दाखवली, आधी मला, मग टायवाल्याला. सारखी आहे ना, असं विचारलं. टायवाला म्हणाला, अगदी सारखी. मामीने आणखी एकदा बघितलं. मग पर्स उघडली आणि सगळे पैसे मोजून दिले, एका शब्दाची घासाघीस न करता, जशी ती चांगला माल मिळाल्यावर देते.

जिना उतरताना मामी मामांच्या पुढच्या पायरीवर होती आणि त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. मी मागे होते. अर्ध्यावर ती थांबली.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"चिमट्यांच्या आधीपासून," मामा म्हणाले.

"आणि मी दर वेळी विचारत होते, बसली का. एकदा हो म्हणायला काय झालं होतं? मला वाटत होतं मीच ठोंबी आहे."

खालून बुटांच्या दुकानातला माणूस कुणाला तरी नंबर विचारत होता.

"दिसल्याशिवाय कसं म्हणणार?" ते म्हणाले. "आणि दिसत नाही हे सांगितलं असतं तर तू गाडीला हातच लावला नसतास. पुन्हा म्हटलं की निदान पुन्हा तरी लावत होतीस."

मामी रडली नाही, चिडलीही नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते जिन्यावरच पुसून टाकलं. या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते ते मला आठवत होतं. खाली आल्यावर मामीने हात पुढे केला.

"किल्ली."

मामांनी खिशातून किल्ली काढून दिली. रस्ता आहे, गर्दी आहे, तू रस्त्यावर कधी चालवली नाहीस, हे सगळं मी म्हणाले. मला कुणी भीक घातली नाही. मामी स्टिअरिंगसमोर बसली, आरसा आपल्या उंचीला आणला, साडीचा पदर खोचला. तिच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि शेजारी मास्तर होते, कायद्याने काही चूक नव्हती. मामांनी पट्टा लावला आणि सवयीने पाय पायडलच्या वर नेला.

गाडी निघाली. पहिल्या सिग्नलला मामीने ब्रेक लावला, आणि मी बघितलं, मामांच्या पायाने काही केलं नव्हतं. तिने स्वतःच थांबवली होती. हिरवा झाला हे तिला कुणी सांगितलं नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा मामीने आरशात बघितलं आणि आपल्या वेगातच पुढे गेली. जिथे येताना चाक फूटपाथवर चढलं होतं त्या वळणावर ती नीट वळली. मामा समोर बघत होते, म्हणजे चेहरा समोर होता. वळण झाल्यावर त्यांनी खाली वाकून दोन्ही चपला काढल्या, बाजूला सारल्या, आणि सीटवर मांडी घालून बसले. मी जन्मल्यापासून त्यांना गाडीत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मामीने एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

घराच्या दारासमोर शेजाऱ्यांच्या दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. मामी पुढे गेली, थांबली, आणि मागे घेत आली. गाडी उभी राहिली तेव्हा सवयीने मामांचा हात काच खाली करायच्या बटणाकडे गेला. मग तो तिथेच थांबला आणि परत मांडीवर आला.

मामीने इंजिन बंद केलं. ती उतरली, गाडीला वळसा घालून मामांच्या बाजूला आली, वाकली, आणि चाक आणि फूटपाथ यांच्या मधे नीट बघितलं. पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं. घाई केली नाही. मग सरळ होऊन काचेवर टकटक केलं.

"बसली," मामी म्हणाली.

"मग उतरतो," मामा म्हणाले, आणि मांडी सोडून पायाने चपला शोधायला लागले.